बेल्ट टोचतो का?

तिरोड्याचं ३३०० मेगावॉटचं वीज केंद्र आमच्या जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. राईस मिलच्या शेडवर पत्रे बसवणारा पोरगा मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. उंचीवर काम करणारे हे लोक हार्नेसला सरसकट 'बेल्ट' म्हणतात. माझा भाचा त्यांतलाच.

मध्यंतरी त्याला सहज विचारलं, "बेल्ट घालतोस ना रे?"

म्हणाला, "घालतो मामाजी, पण मांडीचे पट्टे ढिले ठेवतो. मे महिन्यात घामानं कातडी सोलून निघते."

मंडळी, याला आळस म्हणायचं का? मी तो बेल्ट चढवून पंधरा मिनिटं अंगणात वाकलो, बसलो, उठलो. पट्टे अरुंद, कडा करकरीत, मांडीला गादी नाहीच. पोराचं म्हणणं पटलं.

पण ढिला पट्टा धोक्याचाच. जुना कमरपट्टा पडणाऱ्याचा सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर आणायचा. फुल बॉडी हार्नेस तो मांड्या, छाती, खांद्यांत वाटून देतो. पाठीवरच्या कडीमुळे माणूस सरळ लटकतो. दोरीला शॉक ॲब्सॉर्बर असला तर त्याची शिवण उसवत जाते आणि झटका साधारण ६०० किलोच्या भाराच्या आत राहतो. पट्टे ढिले असले की माणूस आधी हार्नेसमध्येच घसरतो आणि पट्टे भलत्याच जागी आवळतात.

त्यातून वाचला तरी नुसतं लटकून राहणंही वाईट. पाय हलले नाहीत तर रक्त पायांत साचतं, काही मिनिटांत भोवळ येऊ शकते, जिवावरही बेततं. म्हणून पाय हलवत राहायचं, आणि खाली उतरवायची तयारी काम सुरू होण्याआधीच हवी.

पट्ट्याची परीक्षा सोपी आहे: आत सपाट तळहात जावा, मूठ जाऊ नये. पण इतका घट्ट पट्टा दिवसभर सोसायचा तर तो रुंद हवा, मऊ अस्तराचा हवा, ज्याच्या त्याच्या मापाचा हवा. ठेकेदाराला ही चैन वाटते. मला वाटतं, जो बेल्ट टोचतो तो ढिला होतो, आणि ढिला बेल्ट नुसता दाखवायचा.

भाच्यासाठी गादीवाला मागवला. तर विचारतो कसा, "आणि बाकीच्या चौघांचं काय, मामाजी?"

तेव्हा तुमच्या घरावर, सोसायटीवर कुणी चढलं तर "बेल्ट घातला का?" एवढ्यावर थांबू नका. "टोचतो का?" हेही विचारा.