प्लास्टर निघालं, तपासणी संपली नाही

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी आता नऊ वर्षांची आहे. जन्मापासून तिचा डावा खुबा निखळलेला होता, पण ती चालायला लागली आणि लंगडताना दिसली, तेव्हा कुठे ते कळलं. अडीच वर्षांची असताना ऑपरेशन झालं. प्लास्टर निघालं, पोर अंगणात धावू लागली, मोहल्ल्यात पेढे वाटले. दोन वर्षं दाखवायला नेलं, मग ते बंद पडलं. गेल्या वर्षी ती पुन्हा लंगडू लागली. एक्स-रेत मांडीच्या हाडाचा गोळा चपटा दिसला, पाय दोन सेंटीमीटर आखूड. डॉक्टरांनी दुसरं ऑपरेशन सुचवलं आहे.

तेव्हापासून घरात वाद आहे. बहिणीचे दीर म्हणतात, पहिल्या डॉक्टरनेच बिघडवलं. सासूबाई म्हणतात, पोरगी लंगडत का होईना चालत होती, हात लावायलाच नको होता. बहीण रात्री फोन करते, "आपा, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच सांगा." मी उर्दू-मराठी शिकवते, डॉक्टर नाही. पण डॉक्टरांना विचारून जे समजलं, ते इथे लिहिते आहे.

शाळेत आपण उखळीचा सांधा शिकतो. खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडाच्या वाटीत फिरतो. गोळा वाटीबाहेर राहिला, तर वाटी उथळच वाढते. सहा महिन्यांच्या आत कळलं, तर पॅव्हलिक पट्टे बांधून बहुतेक बाळांचा सांधा ऑपरेशनशिवाय जागेवर बसतो. चालायला लागल्यावर मात्र बऱ्याचदा सांधा उघडून गोळा बसवावा लागतो. पुष्कळदा कमरेचं हाड कापून वाटीही वळवावी लागते. टोरांटोच्या रॉबर्ट सॉल्टर यांनी ही पद्धत १९६१ साली मांडली.

गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या फार बारीक असतात. आखडलेल्या स्नायूंमुळे गोळ्यावर दाब आला, किंवा प्लास्टरमध्ये पाय फार फाकले गेले, तर रक्त अडतं आणि हाडाचा काही भाग मरतो. म्हणून मोठ्या मुलांत कधी मांडीचं हाड थोडं आखूड करतात, म्हणजे दाब कमी होतो. तरीही धोका शून्य होत नाही. जिथून हाड वाढतं त्या जागेला इजा झाली, तर पाय आखूड राहतो, आणि हे कधी कधी दहाव्या-बाराव्या वर्षी उघड होतं. याशिवाय गोळा पुन्हा निसटू शकतो, जखमेत जंतुसंसर्ग होऊ शकतो, प्लास्टरखाली कातडी सोलते, सांधा आखडून मांडी घालून बसणं अवघड होतं.

म्हणून दिरांना मी सांगितलं, गुंतागुंत झाली म्हणजे चूक झालीच असं नाही. चांगल्या हातांनीही ती होते. सासूबाईंना सांगितलं, तसंच सोडलं असतं तर लंगडणं जन्मभर राहिलं असतं आणि ऐन तारुण्यात सांधा झिजून दुखू लागला असता. त्या हळूच म्हणाल्या, "लड़की की जात है, शादी का क्या होगा?" मी म्हटलं, आधी तिला शाळेचा जिना दुखल्याशिवाय चढू द्या.

तुमच्या घरात असं मूल असेल, तर हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे पंधरा-सोळा वर्षांपर्यंत, डॉक्टर सांगतील तेव्हा दाखवायला न्या. मूल धावत असलं तरी न्या. सगळे एक्स-रे तारीखवार जपा. प्लास्टर घातल्यावर गोळा जागेवर आहे का, हे एक्स-रे किंवा स्कॅनवर पाहिलं का, ते विचारा. ऑपरेशनआधी विचारा, रक्तपुरवठ्याला धोका किती, पुढे आणखी ऑपरेशन लागेल का?

आणि घरात तान्हं बाळ असेल, तर दुपट्यात पाय सरळ ताणून घट्ट बांधू नका. जपानमध्ये १९७०च्या दशकात एवढंच घरोघर समजावलं, तर निखळलेले खुबे खूप कमी झाले. मुलगी असेल, पायाळू असेल किंवा घरात कुणाला हा त्रास असेल, तर जन्मल्यावर खुबे तपासून घ्याच.

मेहुणे अजून तयार नाहीत. पण पुढच्या आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला येतो म्हणाले आहेत. फाईल मी लावून ठेवली आहे. त्यातल्या तीन वर्षांत एकही एक्स-रे नाही, हेही त्यांना दाखवणार आहे.