तू कुणाचा?

थर्ड इयरचा सेमिनार म्हणजे काय, हे होस्टेलवाल्यांना सांगायला नको. आदल्या रात्री विषय ठरतो, पहाटे प्रिंट निघते आणि सकाळी दहाला आपण त्या विषयातले तज्ज्ञ! या वेळी मात्र माझा विषय दिवाळीच्या सुट्टीतच ठरला. घरी गेलो तेव्हा आजी ओट्यावर बसली होती. माझ्याकडे बघून छान हसली आणि म्हणाली, "ये बाळा, बस. कुणाचा रे तू?"

अल्झायमर आहे हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण हा प्रश्न कधी मला विचारला जाईल असं वाटलं नव्हतं.

इलेक्ट्रिकलच्या पोराला मेंदूत आधी वायरिंगच दिसतं. मीही न्यूरॉनपासूनच सुरुवात केली. आत साधारण उणे ७० मिलिव्होल्ट, सिग्नल आला की झटक्यात स्पाइक. वा, आपलंच सर्किट! पण वाचता वाचता दुसऱ्याच पेशी भेटल्या. त्यांचं नाव मायक्रोग्लिया. या मेंदूच्या रखवालदार पेशी. कचरा उचलतात, जंतू गिळतात.

१९१९ मध्ये माद्रिदच्या पिओ देल रिओ-ऑर्तेगा यांनी चांदीच्या क्षारांनी रंगवून या पेशी वेगळ्या दाखवल्या आणि त्यांना नाव दिलं. त्यांचं म्हणणं होतं की या मूळच्या मेंदूतल्या नाहीत, बाहेरून आल्यात. मग पुढची कित्येक वर्षं शास्त्रज्ञ त्यांना आजीचाच प्रश्न विचारत होते, "कुणाच्या गं तुम्ही?" २०१० मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून उत्तर मिळालं. गर्भाच्या आठव्या दिवसाच्याही आधी, अस्थिमज्जा तयार होण्यापूर्वी, गर्भाबाहेरच्या पीतक कोशात यांचे पूर्वज जन्मतात. मेंदू घडत असतानाच तिथं पोचतात आणि मग तिथंच विभागून आपली संख्या टिकवतात. जन्म बाहेरचा, पण मुक्काम पायाभरणीपासूनचा!

आता आपला विषय, म्हणजे वीज. या पेशी स्पाइक देत नाहीत. मेंदूच्या पातळ कापात मोजलं तर आत साधारण उणे ४० मिलिव्होल्ट. म्हटलं, हे तर नुसतं डीसी, यात काय राम? पण यांचा इनपुट रेझिस्टन्स असतो गिगाओममध्ये. ओहमचा नियम लावा. एक गिगाओम गुणिले दहा पिकोअँपिअर म्हणजे दहा मिलिव्होल्ट! मोजकी पोटॅशियमची दारं उघडी राहिली, त्यातून पोटॅशियम बाहेर झिरपत राहिला, तरी आतला व्होल्टेज ऋण राहतो.

आणि त्या शांत व्होल्टेजवर काय चालतं बघा. पूर्वी या पेशींना 'विश्रांतीतल्या' म्हणायचे. २००५ मध्ये जिवंत उंदरांच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर त्यांच्या फांद्या सतत लांबत-आखडत आसपास चाचपत होत्या. आपण समजतो वॉचमन काका पेंगतायत, आणि ते अख्ख्या कॅम्पसची फेरी मारून आलेले असतात, तसंच. २०१८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी 'थिक-१' नावाचं पोटॅशियमचं दार अडवून पाहिलं. आतला ऋण व्होल्टेज घटला, फांद्या आखडल्या, गस्त कमी झाली. दाह वाढवणारं इंटरल्यूकिन-१ बीटा हे रसायनही कमी सुटलं. मात्र कुठे इजा झाली तर त्या तिकडे पूर्वीसारख्याच धावत होत्या.

हे वाचून मी उडालोच. अल्झायमरमध्ये दाह असतो, मग दार बंद करा, प्रश्न मिटला! शेवटच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत 'उपाय' लिहून टाकलं. रिहर्सलला सरांनी एवढंच विचारलं, "आणि गस्त कोण घालणार?"

रात्रभर पुन्हा वाचलं. अल्झायमरमध्ये याच पेशी अमायलॉइडच्या गाठींना वेढा घालतात, त्यातलं काही गिळतातही. आणि २०१६ मधल्या उंदरांवरच्या अभ्यासात याच पेशी आजाराच्या सुरुवातीलाच न्यूरॉनमधले जोड गिळताना दिसल्या. म्हणजे त्यांना निजवायचं की जागं ठेवायचं, आणि कधी, हाच खरा प्रश्न. ती स्लाइड मी काढून टाकली. सेमिनारला मार्क बरे पडले, पण ती स्लाइड काढताना जे वाटलं ते मार्कांत मोजता येणार नाही. त्या एका शब्दात मी आजीला बरं करून ठेवलं होतं ना!

संक्रांतीला पुन्हा घरी गेलो. आजीनं हातावर तिळगूळ ठेवला आणि विचारलं, "कुणाचा रे तू?"

या वेळी घसा दाटला नाही. तिच्याजवळ बसलो आणि म्हणालो, "तुझाच गं आजी. बाहेर शिकायला असतो, पण पहिल्यापासून इथलाच."

ती म्हणाली, "मग ठीक."