माळवदावरची दुर्बीण

दौंड मागे पडले की सोलापूरच्या गाडीत बहुतेक मंडळी डुलक्या घेऊ लागतात. मी मात्र जेऊर येईपर्यंत खिडकी सोडीत नाही. करमाळा तालुक्यातल्या या लहानशा स्टेशनापाशी २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण पाहायला पुण्याहून प्राध्यापक कावसजी नायगमवाला आले होते, आणि थेट अमेरिकेतल्या लिक वेधशाळेतून कॅम्पबेल! एवढा खटाटोप, तोही सुमारे दोन मिनिटांच्या अंधारासाठी.

ही हकिकत मला सांगितली सोलापूरच्या मामांनी. त्यांचा स्वतःचा खटाटोप सहा मिनिटांचा असतो.

मामा गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर रिकामे हात त्यांनी कृत्रिम उपग्रहांच्या पाठीमागे लावले. दुर्बीण सहा इंची आरशाची, बैठक घरची : प्लायवूडचे खोके आणि भंगारातली बेअरिंगे. तारा पाहायला एवढे पुरते. पण आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून सेकंदाला साडेसात किलोमीटर धावते. ते डोक्यावर आले की दुर्बिणीला क्षणात गर्रकन अर्धा फेरा घ्यावा लागतो, आणि तिथेच ते निसटते. मामांनी तोड काढली ती फिटरचीच. बैठकीखाली लाकडी पाचर मारून ती कलती केली. अडचणीची जागा उपग्रहाच्या वाटेवरून बाजूला सरकली!

या खेपेस मात्र मामीने मला दारातच अडवले. "काचबिंदू आहे. दुर्बिणीतून आता त्यांना काही दिसत नाही. तू विचारू नकोस."

मी विचारले नाही. तिन्हीसांजेला मामांनी मला माळवदावर नेले. दुर्बिणीला डोळा लावायला मला बसवले आणि नळीवर स्वतःचा हात ठेवला. खाली गाव अंधारले होते. वर चारशे किलोमीटरवर ऊन अजून होतेच. त्या उन्हातच ते स्थानक चमकते.

"वायव्येकडं बघ की. आलं का?"

"आलं!"

"मग तू बोल, मी ढकलतो."

"पुढं... अजून... जास्त झालं, मागं!" मामांचा हात कसा चालत होता! मागावरचा धागा तुटू नये इतका हलका. दोनदा स्थानक निसटले. तिसऱ्यांदा ते मधोमध थांबल्यासारखे झाले : पांढरे ठळक अंग आणि दोन्हीकडे तांबूस सोनेरी पंख.

"पंख दिसले?"

"दिसले, मामा."

"किती?"

मला मोजता आले नव्हते. तसे सांगितल्यावर मामा चिडले. खोटे सांगितले असते तर अधिक चिडले असते, हे मला ठाऊक होते.

आग्नेयेला ते पृथ्वीच्या सावलीत शिरून विझले. मामांनी वही माझ्याकडे सरकवली. वेळ त्यांनी सांगितली, आकृती मी काढली. खालून मामीची हाक आली; कडक भाकरी आणि शेंगांची चटणी वाढून ठेवली होती. मामा पाचर चाचपीत म्हणाले, "उद्या ते जरा खालून जाणार. ही अर्धा इंच उतरवू. उद्या मोज."

मी परतीचे तिकीट पुढे ढकलले.