हात पुढे करताना
माउली, २०२० च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशातील संजय सरोवराचे पाणी सुटले आणि वैनगंगा आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या काठच्या गावांत शिरली. बचाव पथकाने बोटीतून आम्हांला शाळेत आणले. तलाठी नावे लिहीत होते, तरुण पोरे खिचडी वाढत होती. पन्नास वर्षे कीर्तनात अन्नदानाचा महिमा सांगितला; पण पत्रावळ पुढे करताना माझा हात अडखळला. वाढणारा पोरगा आधी माझ्या पाया पडला. "घ्या, बुवा," म्हणाला. मीही वाकलो. अहंकार केवढा उरला होता, तेव्हा कळले. त्या वर्षी पायी वारी झालीच नव्हती; माझी त्या रांगेत झाली. माउली, द्यायला आपण शिकलो, नम्रपणे घ्यायलाही शिकू या. रामकृष्णहरी.