वाऱ्याचा हिशेब

गाडी बिघडली की घरातल्या बाईच्या वाट्याला सहसा दोन वाक्यं येतात. एक, "खर्च मोठा आहे." दुसरं, "तुम्हाला नाही कळायचं ते." पहिलं कधी कधी खरं असतं. दुसरं मात्र आपण फार लवकर मान्य करून टाकतो. कुकरची शिट्टी का होत नाही, गॅसची ज्योत पिवळी का झाली, मिक्सरला जळका वास का येतो, हे जिला कळतं तिला गाडीतला एक सेन्सर कळू नये असं काही नाही. मैत्रिणींनो, आज त्या एका सेन्सरबद्दलच लिहिते आहे, कारण त्याच्यापायी आमच्या घरातली गाडी भंगाराच्या भावात जाणार होती.

गाडी माझ्या धाकट्या जावेची. खरं तर धाकट्या भाऊजींची. दोन दारं, दोनच माणसांची बैठक, दोन लिटरचं पेट्रोल इंजिन. हौसेने कोल्हापूरहून जुनी घेतलेली स्पोर्ट्स कार. मालवणच्या अरुंद रस्त्यांतून ती बाहेर काढणं हेच एक काम असायचं. सासूबाई म्हणायच्या, "हिच्यात ना माणसं मावत, ना भाजीची पिशवी." भाऊजी हसायचे आणि रविवारी तासभर तिला पुसत बसायचे.

दोन वर्षांपूर्वी भाऊजी अचानक गेले. गाडी पत्र्याच्या शेडखाली उभी राहिली. जावेने कागदपत्रं मात्र वेळेवर केली. मालक वारला तर परिवहन कार्यालयाला तीस दिवसांत कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची असते, हे तिला एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलं होतं. पुढे मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशाची वेळ आली तेव्हा तिने ठरवलं, गाडी विकायची. नवी बॅटरी घातली, टाकीतलं जुनं पेट्रोल काढून ताजं भरलं. गाडी सुरू झाली, पण तब्येत बरी नव्हती. उभी असताना थरथरायची, मागून काळा धूर यायचा, पेट्रोलचा वास यायचा, आणि कसालच्या रस्त्याला चढ लागला की दम गेल्यासारखी मागे ओढायची. समोर पिवळा दिवा सतत पेटलेला.

एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, दोन मिनिटं ऐकलं आणि निकाल दिला, "इंजिन गेलंय. उघडायचं म्हणजे दीड-दोन लाख कुठे गेले नाहीत. त्यापेक्षा आहे तशी द्या, आम्हीच घेतो." जो भाव त्याने सांगितला तो ऐकून जाऊ गप्पच झाली. रात्री मला म्हणाली, "ताई, पैशाचं जाऊ दे, पण त्यांची गाडी मेली असं कुणी इतक्या पटकन कसं सांगतं?"

माझ्या माहेरी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर आहे. लेथ, फाउंड्री, इंजिनची कामं यांचा तो भाग आमच्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक असेल. तिथे काम शिकून आता कुडाळात स्वतःचं छोटं दुकान चालवणारा एक मेकॅनिक भावाच्या ओळखीतला निघाला. तो मालवणला आला तो स्कॅनर घेऊनच. आजच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात स्कॅनर लावला की गाडीचा संगणक आपली तक्रार नंबराने सांगतो. नंबर आला पी ०१०१. पी ०१०० ते पी ०१०४ हे सगळे नंबर एकाच भागाचे: इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरचे. तो म्हणाला, "वैनी, इंजिनाक काय एक झाला नाय. वाऱ्याचो हिशोब चुकता हा."

हा हिशेब काय असतो ते आधी समजून घेऊ. पेट्रोल नुसतं जळत नाही, त्याला हवा लागते, आणि तीही मापात. एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा. म्हणजे एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते, जवळजवळ पाण्याचा एक टँकर भरून! हवा कमी पडली तर पेट्रोल अर्धवट जळतं आणि काळा धूर येतो. हवा जास्त झाली तर गाडीला जोर राहत नाही. किती हवा आत आली हे कळल्याशिवाय किती पेट्रोल सोडायचं हे संगणकाला ठरवता येत नाही.

मग हवा मोजायची कशी? जर्मनीच्या बॉश कंपनीने (नाशिकचं मायको सर्कल ज्या मायकोच्या नावाने ओळखलं जातं ती याच कंपनीची भारतातली शाखा) १९७० च्या दशकात हवेच्या वाटेत एक झडप बसवली होती. वाऱ्याने झडप किती ढकलली गेली त्यावरून अंदाज काढायचा. १९८१ साली त्यांनी झडपेच्या जागी गरम तार आणली. आपला सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला तेच साल.

ही तार आपल्याला तव्यावरून चटकन समजेल. तवा तापला आहे, भाकरी भाजते आहे, आणि कुणीतरी पंखा लावला. तवा गार पडू लागतो. तेवढाच तापलेला ठेवायचा तर गॅस मोठा करावा लागतो. गॅस किती मोठा केला यावरून वारा किती आहे ते सांगता येईल की नाही? सेन्सरमध्ये केसासारखी बारीक प्लॅटिनमची तार विजेने तापवलेली असते. आत येणारी हवा तिला गार करते, आणि तिचा ताप टिकवायला किती वीज वाढवावी लागली त्यावरून संगणक हवेचं वजन काढतो, सेकंदाला किती ग्रॅम. वजन का, तर हवा सगळीकडे सारखी दाट नसते. आंबोली समुद्रापासून जवळजवळ ७०० मीटर उंच. मालवणच्या किनाऱ्यापेक्षा तिथली हवा सहा-सात टक्के विरळ. तार हा फरक आपोआप ओळखते, म्हणून घाट चढतानाही मिश्रण बिघडत नाही.

पण याच तारेवर थर बसला तर? स्वयंपाकघरातल्या पंख्याच्या पात्यांवर तेलकट धूळ कशी चिकटते, तसंच. मग तारेला वारा नीट लागत नाही आणि माप चुकतं. बहुतेक वेळा गाडी उभी असताना हवा जास्त सांगितली जाते आणि जोरात चालताना कमी. म्हणून उभ्या गाडीतून काळा धूर, आणि चढावर दम नाही. दोन्ही तक्रारी एकाच तारेच्या.

मला त्या मेकॅनिकचं सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर हे, की नंबर हाती आला तरी त्याने लगेच "नवा भाग घाला" म्हटलं नाही. पी ०१०१ म्हणजे माप पटत नाही, एवढंच. माप चुकण्याची कारणं चार असू शकतात, आणि ती स्वस्तातून महागाकडे तपासायची असतात.

पहिला, हवेचा फिल्टर. आपल्या घरात पाणी गाळल्याशिवाय माठात जात नाही, तसं इंजिनात हवा गाळल्याशिवाय जात नाही. बरेच महिने उभ्या असलेल्या गाडीचा फिल्टरचा डबा सुरू करण्याआधीच उघडून बघावा, कारण मुंग्या, कोळी, पाली तिथे बिऱ्हाड करतात आणि इंजिन सुरू झालं की ओढले जातात. जावेने बॅटरी घालायच्या आधीच तो उघडला होता आणि मऊ ब्रशने एक-एक मुंगी बाहेर काढली होती. मेकॅनिकला त्यात दुसरं एक दिसलं. भाऊजींनी हौसेने तेल लावायचा स्पोर्ट्स फिल्टर बसवला होता. असा फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतो, पण तेल जरा जास्त झालं की ते उडून पुढे तारेवर बसतं.

दुसरी, सेन्सरच्या पुढची रबरी नळी. ती फाटली तर न मोजलेली हवा आत शिरते, सेन्सर निर्दोष असूनही हिशेब चुकतो. अशा वेळी बहुधा पी ०१७१ हा नंबर येतो. आमची नळी धड होती.

तिसरा, वायरचा प्लग. किनाऱ्यावरच्या खाऱ्या दमट हवेत तांब्याच्या पिनांवर हिरवा थर चढतो. आमच्या पिनांवर थोडा होता, तो साफ केला.

चौथी, स्वतः तार. त्याने इंजिन बंद करून सेन्सरचा प्लग काढला आणि गाडी पुन्हा सुरू केली. आणि गंमत म्हणजे थरथर कमी झाली! सेन्सर बोलेनासा झाला की संगणक आपल्याकडच्या ठोकताळ्यावर काम चालवतो. ठोकताळा जर मापापेक्षा बरा ठरत असेल, तर माप देणाऱ्यावर संशय पक्का. (काही गाड्या प्लग काढल्यावर बंदही पडतात, तेव्हा ही परीक्षा जाणकारानेच करावी.)

त्याने आधी तार धुऊन पाहिली. त्यासाठी वेगळा फवारा मिळतो, तो मारायचा आणि पूर्ण वाळू द्यायचं. कार्ब्युरेटरचा फवारा चालत नाही, कापूस नाही, ब्रश नाही. "तारेक बोट लावू नकात," हे त्याने तीनदा बजावलं. चार दिवस गाडी छान चालली आणि पुन्हा दिवा पेटला. तेव्हा मात्र बदलायचं ठरलं. जुन्या सेन्सरवरचा पार्ट नंबर उतरवून घेतला, कोल्हापुरातून तोच नंबर मागवला, एसटीच्या पार्सलने तो आला. बाजारात अगदी स्वस्त नकलाही मिळतात, पण ज्याचं काम मोजायचं आहे तेच माप खोटं असेल तर काय उपयोग?

बदलायला अर्धा तासही लागला नाही. इंजिन गार होऊ दिलं. बॅटरीची वजा बाजूची तार सोडवली. प्लगची खिट्टी दाबून तो काढला. दोन चांदणीच्या तोंडाचे स्क्रू काढले. मेकॅनिकने पाना जावेच्या हातात दिला आणि म्हणाला, "गाडी तुमची, तुमीच काढा." तिने जुना सेन्सर सरळ ओढून काढला, नव्याची रबरी रिंग नीट बसली का पाहिलं, हवेच्या दिशेचा बाण इंजिनाकडे ठेवला आणि स्क्रू बेताने आवळले. प्लास्टिकच्या भागाला जोर लावला तर चीर जाते. फिल्टर साधा कागदी घातला. स्कॅनरने जुना नंबर पुसला. उभ्या गाडीत हवा सेकंदाला तीन ग्रॅमच्या आसपास दिसू लागली, दोन लिटरच्या इंजिनाला शोभेल अशी. मग ती आणि लेक दोघी सावंतवाडीवरून आंबोलीपर्यंत जाऊन आल्या. परत आल्यावर जाऊ एवढंच म्हणाली, "चढली."

गाडी दिवाळीनंतर विकली. ठेवावी असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं, पण निर्णय तिचा होता आणि फीची तारीख कुणासाठी थांबत नाही. पहिल्या माणसाने सांगितलेल्या भावाच्या जवळजवळ तिप्पट रक्कम आली. घेणाऱ्याला तिने सेन्सरचं बिल, दोन्ही स्कॅनचे कागद आणि तो तेलाचा फिल्टर पुन्हा बसवू नका ही सूचना, तिन्ही दिलं.

तुमच्या घरी स्पोर्ट्स कार नसेल, साधी कुटुंबाची गाडी असेल. हवा मोजणारा सेन्सर तिच्यातही असू शकतो. काही गाड्यांत त्याऐवजी दाब मोजून हवेचा अंदाज काढतात, पण विचारायचे प्रश्न तेच. दिवा पेटला तर कोणता नंबर आला? तो कागदावर लिहून द्याल का? तो नंबर येण्याची इतर कारणं तपासली का? साफ करून भागेल का? आणि बदललाच, तर जुना भाग मला परत द्या. हे पाच प्रश्न विचारायला गाडी चालवता आलीच पाहिजे असंही नाही. माझ्या जावेला तेव्हा येत नव्हती. आंबोलीला गाडी लेक चालवत होती, ही शेजारी बसून चढ मोजत होती.