पनवेलची भट्टी आणि आजींचा डबा

दिवाळी उलटली की जुन्या पनवेलची सकाळ बदलते. वडाळे तलावावर धुक्याचा पातळ पदर उतरतो, फेरी मारणाऱ्या ज्येष्ठांच्या डोक्यावर कानटोप्या दिसू लागतात आणि बाजारात नवी नाचणी येते. कर्नाळा आणि माथेरानच्या उतारांवरील ठाकूर-कातकरी वाड्यांमधून बाया ती डोईवर आणतात. पथारीवरचा तो तांबूस, मोहरीएवढा दाणा मूठभर उचलून हुंगावा. पावसाळी मातीचा वास अजून गेलेला नसतो.

या गावात मी पंचवीसहून अधिक वर्षे दवाखाना चालवतो. पनवेल हे मुळात वाटेवरचे गाव. खाडीतून गलबते येत, घाटावरून बैलगाड्या उतरत आणि दोघांचा माल येथे अदलाबदल होई. १८५२ मध्ये येथे नगरपालिका आली, १८७२ मध्ये धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना उभा राहिला आणि २०१६ मध्ये गाव महानगरपालिका झाले. आता भोवती उंच इमारती आहेत. परंतु जुन्या आळ्यांमधील वाड्यांत कौले, ओटे आणि त्या ओट्यांवर एकटे बसलेले वृद्ध अजून आहेत. मुले मुंबईत, पुण्यात किंवा सातासमुद्रापार. माझ्या गृहभेटी बहुतेक याच आळ्यांत होतात.

चहा-बिस्किटांचे जेवण

अशाच एका वाड्यात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी राहतात. निवृत्त शिक्षिका, स्वभावाने करारी. मधुमेह पंधरा वर्षांचा. सोबतीला दिवसभर एक मावशी असतात. गेल्या हिवाळ्यात मी त्यांना काट्यावर उभे केले आणि चपापलो. वर्षापूर्वी बावन्न किलो भरलेल्या आजी पंचेचाळीसवर आल्या होत्या. वृद्धांचे वजन सहा महिने ते वर्षभरात, प्रयत्न न करता, पाच टक्क्यांहून अधिक घटले तर तो धोक्याचा इशारा समजावा. येथे तर तेरा टक्क्यांहून अधिक घट होती.

आवश्यक त्या तपासण्या केल्या. त्यांत गंभीर असे काही निघाले नाही. शेवटी मी मावशींना विचारले, "आजी दिवसभरात खातात काय?"

"सकाळी चहा-बिस्कीट. दुपारी दोन घास भात. संध्याकाळी पुन्हा चहा-बिस्कीट. रात्री नको म्हणतात."

आजींनी उशाखालून पुडा काढून दाखवला. "हे चालते ना डॉक्टर? तपकिरी आहे. गोडसुद्धा नाही फारसे."

पुड्यावरील बारीक अक्षरे मी वाचली. पहिला घटक मैदा, मग साखर, मग पामतेल; कोंडा बराच खाली. तपकिरी रंगाने आम्हा सर्वांनाच फसवले होते. खरी चूक मात्र त्या पुड्याची नव्हती, माझी होती. पंधरा वर्षे मी या बाईंना गोड बंद, तूप बंद, भात कमी, असे सांगत आलो. काय खावे, हे एकदाही नीट बसून सांगितले नव्हते. आजींनी आज्ञाधारकपणे एकेक पदार्थ सोडला आणि उरले ते बिस्कीट. साखर आटोक्यात राहिली म्हणून मी दरवेळी समाधानाने परतत होतो. घटत्या वजनाकडे पाहिलेच नाही.

अशक्त, अतिवृद्ध रुग्णांच्या बाबतीत साखरेचा हट्ट सैल करावा लागतो. तरुण माणसाला एचबीएवनसी सातच्या आत ठेवण्यास सांगतात. अशा आजींसाठी ते आठपर्यंत चालते. साखर फार खाली उतरून तोल जाणे आणि पडून खुब्याचे हाड मोडणे, हा धोका या वयात मोठा असतो. मी औषधांची मात्रा बदलली आणि आजींना विचारले, "तुम्हाला काय खावेसे वाटते?"

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नानकटाई. भट्टीवरची."

पत्र्यांची रांग

पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना भट्टीवरची नानकटाई समजावून सांगायला नको. दिवाळीच्या आधी किंवा मे महिन्याच्या सुट्टीत तूप, पिठीसाखर, रवा-मैदा घेऊन बेकरीत जायचे. घरात ओव्हन नसण्याचा तो काळ. परातीत तळहाताने तूप-साखर पांढरी होईपर्यंत फेसायची, गोळे वळायचे, काळ्या पत्र्यांवर मांडायचे आणि आपला पत्रा दुसऱ्याच्या पत्र्यात मिसळू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसायचे. नानकटाईचा उगम सुरतेत सांगतात. डचांच्या भट्टीत काम करणाऱ्या एका पारशी कारागिराने ती रूढ केली, अशी कथा आहे. नावातील 'नान' म्हणजे फारसीतील रोटी. आमच्या गावात मात्र ती आजोळची वाटते.

एका मंगळवारी सकाळी मी, मावशी आणि रिक्षातून आलेल्या आजी एका जुन्या बेकरीच्या मागील दारी उभे राहिलो. आत भट्टीचे तोंड लालसर दिसत होते. पाव काढून झाल्यावर जी उतरती धग राहते, ती बिस्किटांना मानवते. चाचांनी आजींना ओळखले. "बाई, बऱ्याच वर्षांनी आलात," असे म्हणून त्यांनी पिठाच्या गोणीवर चादर घालून बसायला जागा केली. आजींच्या हाताखाली ते चौथीपर्यंत शिकले होते, हे मला तेव्हा कळले.

या भट्ट्या आणखी किती वर्षे राहतील, सांगता येत नाही. मुंबईतील लाकूड-कोळशावरील बेकऱ्यांनी स्वच्छ इंधनाकडे वळावे, असे निर्देश उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिले. डॉक्टर म्हणून मला ते पटते. दम्याचे रुग्ण माझ्याकडेही येतात आणि चाचा स्वतः खोकतात. लाकडाऐवजी गॅस आला तरी चालेल, शेजाऱ्यांनी एका भट्टीभोवती बसण्याची रीत तेवढी टिकावी.

आम्ही काय बदलले

आजींची जुनी कृती सारख्या वजनाच्या मैदा, तूप आणि साखरेची होती. आम्ही ती अशी बदलली :

नाचणीचे पीठ १५० ग्रॅम, कणीक १०० ग्रॅम, साजूक तूप १०० ग्रॅम, गुळाची पावडर ८० ग्रॅम, भाजलेले पांढरे तीळ २० ग्रॅम, वेलचीपूड, खाण्याचा सोडा पाव चहाचा चमचा आणि लागेल तसे तीन-चार मोठे चमचे दूध.

नाचणीचे पीठ मंद आचेवर सात-आठ मिनिटे, खमंग वास येईपर्यंत भाजून पूर्ण गार करावे. तूप आणि गूळ हलके होईपर्यंत फेसावे. त्यात पिठे, तीळ, वेलची, सोडा मिसळून दुधाच्या हाताने गोळा करावा. नाचणीत ग्लूटेन नसते, त्यामुळे नुसत्या नाचणीचे बिस्कीट भुगा होते. कणीक ते धरून ठेवते. तीस चपटे गोळे करावेत. घरच्या ओव्हनमध्ये १६० अंश सेल्सिअसला पंधरा ते अठरा मिनिटे पुरतात. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर देऊन, वर जाळी ठेवून, झाकण घालून मंद आचेवर भाजावे. गरम असताना बिस्किटे मऊ लागतात म्हणून जास्त भाजू नयेत. गार झाल्यावर ती खुटखुटीत होतात.

वनस्पती तूप आम्ही टाळले. त्यातील ट्रान्स फॅटमुळे हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणूनच जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेल-तुपातील त्याचे प्रमाण दोन टक्क्यांवर आणण्याचा नियम झाला. साजूक तूपही मोजूनच घ्यावे.

पौष्टिकतेचा खरा हिशेब

वाचकांशी येथे प्रामाणिक राहिले पाहिजे. वरील प्रमाणात एका बिस्किटात सुमारे सत्तर उष्मांक असतात. गूळ साखरेपेक्षा चवीला खोल आहे. रक्तातील साखर मात्र तोही वाढवतो. 'गुळाचे आहे, मधुमेहाला चालते' हा समज सोडून द्यावा. या बिस्किटात गूळ तीन ग्रॅमहून कमी पडतो, एवढाच त्याचा गुण.

नाचणीचे कॅल्शियम नावाजलेले आहे. शंभर ग्रॅममध्ये ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते. तांदूळ आणि गहू याच्या जवळपासही येत नाहीत. परंतु एका बिस्किटात नाचणी असते पाच ग्रॅम. तीळ धरूनही दोन बिस्किटांतून पन्नास मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळते. पेलाभर दुधातून त्याच्या चौपट-पाचपट मिळते. म्हणून बिस्कीट दुधाबरोबर खावे, दुधाऐवजी नव्हे, आणि जेवणाऐवजी तर मुळीच नव्हे. दिवसाला दोन पुरेत.

काळजी घेणाऱ्यांनी आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पक्षाघातानंतर किंवा पार्किन्सनच्या आजारात गिळताना ठसका लागत असेल तर कोरडे, भुसभुशीत बिस्कीट देऊ नये; कण श्वासनलिकेत जाऊ शकतात. दुधात भिजवून द्यायचे की अजिबात नाही, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास नाचणी, तीळ आणि गूळ यांचे प्रमाणही विचारून घ्यावे. आणि साखर अचानक उतरून घाम, थरथर सुरू झाली तर बिस्कीट शोधत बसू नये. रुग्ण शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी. तूप आणि पीठ पचायला वेळ लागतो, तेवढा वेळ तेव्हा नसतो.

डबा

पहिला पत्रा बाहेर आला तेव्हा आजी गोणीवरून उठून भट्टीजवळ गेल्या. मावशी त्यांचा दंड धरून होत्या. एक बिस्कीट फुंकर घालून त्यांनी मोडले, अर्धे चाचांच्या हातावर ठेवले. "तूप जरा कमीच झाले," चाचा म्हणाले. "डॉक्टर आहेत बरोबर," आजींनी उत्तर दिले. सारे हसले.

त्यानंतर चार महिन्यांत आजींचे वजन तीन किलोने वाढले. ही करामत बिस्किटांची नव्हे, हे मी आवर्जून सांगतो. ती सकाळच्या अंड्याची, दुपारच्या घट्ट वरणाची, दह्याची, रात्रीच्या नाचणीच्या पेजेची आणि बदललेल्या औषधांची. पण या सर्वांना 'हो' म्हणायला आजी राजी झाल्या त्या भट्टीवरून परतल्यावर. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी त्या मावशींबरोबर तेथे जातात. आता शेजारच्या आळीतील आणखी दोघी आपापले पीठ घेऊन येतात.

गृहभेटीची माझी पद्धतही तेव्हापासून बदलली. रक्तदाब पाहण्याआधी मी स्वयंपाकघरात डोकावतो आणि डबे उघडून पाहतो. परवा आजींकडे गेलो तेव्हा उशाखाली पुडा नव्हता. फडताळात पितळेचा जुना डबा होता, झाकणावर आजींच्या वळणदार अक्षरांत चिठ्ठी डकवलेली : 'दिवसाला दोन. पाहुण्यांना एक. डॉक्टरांना अर्धे.'

माझे अर्धे मी खाऊनच निघालो.