ओवी आणि आत्याबाई

परभणी जिल्ह्यातले गंगाखेड म्हणजे संत जनाबाईंचे गाव. तिथे जात्याचे कौतुक कुणी सांगायला नको. पण ते बोलण्याच्या उपचारालाही कामी येते! आमच्या आत्याबाईंना स्मृतिभ्रंश जडला. अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टराने १९०६ साली मांडला, तोच आजार. आधी वस्तूंची नावे गेली. तांब्या ‘ते पाण्याचं’ झाला.

‘हे काय, तो कोण’ अशी परीक्षा घेऊ नका, असे वाचा-उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या. एका वेळी एकच विचारा, ‘चहा की दूध?’ इतके सोपे. वस्तू दाखवा आणि उत्तराची वाट पाहा. वाट पाहणे! आमच्या घराण्यात तो गुण औषधालाही नाही. आजाराला उतारा नाही, हे बाईंनी लपवले नाही. पण चालीवर बसलेले शब्द पुष्कळदा उशिरापर्यंत टिकतात, हेही सांगितले.

तेव्हा जाते बाहेर निघाले. खुंट्याला हात लागताच आत्याबाईंनी ओवीमागून ओवी म्हटली, न अडखळता. सुनेने विचारले, “आत्याबाई, बारीक दळू की भरडू?”

बऱ्याच वेळाने उत्तर आले, “भरड.” मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, “ह्याला चहा टाक.” माझे नाव काही त्यांना सापडले नाही.